सात नंबरची हजेरी

पॅनेलचं दार बंद केलं की डब्यात दोन-चार स्क्रू उरतातच. कुठले उरले ते कुणालाच ठाऊक नसतं. पॅनेल चालतं, गिऱ्हाईक खूश असतं, पण ते स्क्रू टाकवत मात्र नाहीत. आमच्या कंपूतल्या किश्शांचं अगदी तसंच झालंय. वसई पूर्वेला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कंट्रोल पॅनेल बनवणारा आमचा छोटासा गाळा आहे. मी तिथे ड्रॉइंग काढते. इतक्या वर्षांत उरलेले स्क्रू आणि उरलेले किस्से, दोन्ही भरपूर साठलेत. आज त्यातले थोडे टेबलावर ओतते. हसू आलं तर खुशाल हसा. मला हल्ली दर वेळी येतंच असं नाही.

कंपू आमचा चौघांचा. म्हात्रे चांदीपचा, घरची भातशेती, गाळ्यात वायरमन. मोरेश्वर राऊत उमेळ्याचा, घरची केळी-नारळाची वाडी, गाळ्यात टेस्टिंगला. तिसरी मी, सुमेधा. आणि चौथा शिंत्रे, मूळचा सोलापूरचा, विरारला फ्लॅट, मुंबईला सॉफ्टवेअरची नोकरी. रविवारी सकाळी मालक गाळ्याची चावी आमच्याकडे देतात. मग चहा, कडक पाव आणि आमचा खेळ सुरू. घरातले दिवे, पंप, टाकीतलं पाणी हे सगळं एकमेकांशी बोलतं कसं करायचं, हा तो खेळ. कुणी पत्ते कुटतं, आम्ही वायरी सोलतो.

*

शिंत्रे आमच्यात आला तोच मुळी फजिती होऊन.

पठ्ठ्याने फ्लॅटमधले सगळे दिवे वायफायवर टाकले होते. मोबाइलवर बोट ठेवलं की दिवा! भिंतीवरची बटणं म्हणजे मागासलेपण, म्हणून तीही हौसेने काढून टाकली. एका संध्याकाळी सोलापूरहून सासरे आले, हातपाय धुवायला बाथरूममध्ये गेले, आणि नेमकं तेव्हाच इंटरनेट गेलं.

सासरे आत अंधारात. जावई बाहेर राउटर बंद-चालू करतोय. बराच वेळ झाल्यावर आतून शांतपणे आवाज आला, "जावईबापू, दिवा कुठल्या गावाहून निघालाय?"

गंमत म्हणजे म्हाताऱ्याचा प्रश्न अगदी बरोबर होता. त्या दिव्याचा निरोप खरोखरच परदेशातल्या कुठल्याशा सर्व्हरपर्यंत जाऊन परत येत असे!

हे ऐकून म्हात्रे इतका खूश झाला की त्याने शिंत्रेला स्वतःच्या हाताने चहा ओतून दिला. म्हणाला, "वायर दिसते ना, म्हनून तिच्यावर भरवसा. जी दिसतच नाय, ती तुटली तरी कळनार कसं?"

"म्हात्रे, जग वायरलेस झालंय," शिंत्रे म्हणाला.

"जगाला होऊ दे. बाथरूमला नको!"

*

म्हात्रेचा वायरीवर जीव. त्या जिवापायी त्याने मोरेश्वरच्या घरी एकदा जो घोटाळा केला, तो आम्ही त्याला अजून विसरू देत नाही.

मोरेश्वरचं घर वाडीच्या या टोकाला आणि विहीर त्या टोकाला. मधे केळीच केळी. एका बाजूला पूर्वी दुसऱ्या कुणाची वाडी होती, तिथे आता टॉवर झालाय. टाकी भरली की पंप आपोआप बंद व्हावा, एवढीच मोरेश्वरची इच्छा. वायफाय विहिरीपर्यंत पोचेना. तेव्हा ठरलं की कारखान्यात मशीन एकमेकांना जोडतात तशी दोन वायरींची लाइन टाकायची. दोन बारीक वायरी, एकमेकींना पीळ घातलेल्या. त्या पिळामुळेच मोटरची खरखर त्यांच्यात शिरत नाही. सगळी करामत त्या पिळात!

म्हात्रेने अख्खा दिवस खपून लाइन ओढली. बघायला गेलो तर नुसती देखणी! कुंपणाच्या भिंतीवर दोन सरळ रेघा, सारख्या अंतरावर क्लिपा. फक्त पीळ कुठे दिसेना.

"पीळ कुठाय?" मी विचारलं.

"काढला की ताई. आडवातिडवा दिसत होता!"

बाबाने विहिरीपासून ओट्यापर्यंतचा पीळ हाताने सोडवला होता! पंप सुरू झाला की टाकी म्हणायची, मी रिकामी. पुढच्या क्षणी म्हणायची, मी भरले. मग पुन्हा रिकामी. पंप बिचारा उचकी लागल्यासारखा चालू-बंद, चालू-बंद.

मोरेश्वरची बायको कुंदाताई ओट्यावर बसून मोगऱ्याचे गजरे करत होती. पदर तोंडाला लावून हसत म्हणाली, "भावजी, सगळ्या वाडीची वेणी घालायची सोडून तुम्ही ती विंचरून ठेवलीत की हो!"

म्हात्रेने ती सगळी लाइन उतरवली आणि पुन्हा पिळाची ओढली. कुंदाताईने त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही. मग हे नेहमीचंच झालं. आमचा रविवार हळूहळू गाळ्यातून उठून उमेळ्याला गेला.

*

कुंदाताई गावातल्या बालवाडीत शिकवायची. त्यामुळे आमच्या धंद्यातले शब्द तिने आल्या आल्या बदलून टाकले.

आमच्या लाइनवर एक मुख्य डबा असतो. तो लाइनवरच्या प्रत्येक बोर्डाला नंबराने हाक देऊन आळीपाळीने विचारतो. एक नंबर, काय खबर? दोन नंबर, काय खबर? ज्याला विचारलं त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. शेवटच्याला विचारून झालं की पुन्हा पहिल्यापासून. इंग्रजीत याला पोलिंग म्हणतात. शिंत्रे ते कुंदाताईला समजावत होता. तिने अर्ध्यातच थांबवलं.

"म्हणजे हजेरी!"

झालं. त्या दिवसापासून हजेरी. विहीर एक नंबर, टाकी दोन नंबर, ओट्याचा दिवा तीन नंबर. जो बोलला तो हजर. आणि जो बोलला नाही तो...

"मेला!" म्हात्रे म्हणाला. आमच्याकडे सगळं मरतच असतं. सेन्सर मेला, पोर्ट मेलं, रिले मेला. त्यात म्हात्रेचा कडक नियम: जो बोर्ड मेला त्याचं नाव हजेरीतून लगेच काढायचं. का, तर मुख्य डबा त्याच्या उत्तराची वाट बघत थांबतो आणि तेवढा वेळ बाकीच्यांचं काम खोळंबतं. "मेल्याला यादीत ठेवायचं नाय" हे म्हात्रे गाळ्यात येणाऱ्या प्रत्येक माणसाला ऐकवतो.

"भावजी, माझ्या घरात बसून मेला मेला काय चालवलंय?" कुंदाताईने डोळे वटारले. "गैरहजर म्हणा."

"बरं, गैरहजर. त्याच्यासाठी किती थांबायचं? मी तर बोलतो, थांबायचंच नाय."

"असं कसं? बालवाडीत मूल कधी लगेच हजर म्हणतं होय? कुणाचं लक्ष खिडकीबाहेर असतं, कुणी चप्पल शोधत असतं. मी नाव घेते, जरा थांबते, पुन्हा घेते. अहो, जरा थांबावं की माणसाने!"

म्हात्रेने आमच्याकडे बघितलं, मग मुख्य डब्याकडे बघितलं, आणि निमूटपणे थांबायचा वेळ थोडा वाढवला. त्याला असं वळवलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

*

मग कुंदाताईच्या हातातला दोरा सुटायला लागला.

आधी गजऱ्याची गाठ बसेना. मग चहाचा कप धरवेना. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की स्नायूंचा आजार आहे, एकेक करून सगळे स्नायू दमत जातील. औषध नाही. हे मोरेश्वरने आम्हाला गाळ्यात सांगितलं, हातात मीटर धरून. सांगून झाल्यावर त्याने उरलेलं पॅनेल टेस्ट केलं, सही केली, आणि आठवड्याभरात नोकरी सोडली. वाडी बघेन आणि तिला बघेन, म्हणाला.

पण वाडी त्या टोकाला आणि ती या टोकाला. तिचा आवाजही उतरत चालला होता. म्हणून एका रविवारी मोरेश्वरने विषय काढला. "तिच्या हाताशी एक बटण पाहिजे. तिने दाबलं की मला विहिरीवर कळलं पाहिजे. कळलंच पाहिजे. बाकी मला काही नको."

आयुष्यात आम्ही पुष्कळ वाद घातलेत, पण त्या दिवसासारखा नाही. प्रश्न होता, लाइन कुठल्या पद्धतीची? हजेरीची की हाकेची?

शिंत्रे हाकेच्या बाजूचा. "गरज पडेल तेव्हा बटणानेच ओरडायचं. लगेच मोबाइलवर निरोप. सारखं सारखं विचारत कशाला बसायचं?"

"आनि चिखलाच्या हातानी मोबाइल कोन काढनार?" म्हात्रे म्हणाला.

मी हजेरीच्या बाजूची होते. मी म्हटलं, "हाकेत एक गोची आहे. सगळं ठीक असेल तर शांतता. वायर तुटली तरी शांतताच. मोरेश्वरला फरक कळणार कसा? हजेरीत तसं नाही. विचारलं आणि उत्तर आलं नाही, की लगेच भोंगा वाजवता येतो."

"पण हजेरीत तिची पाळी येईपर्यंत..." शिंत्रे म्हणाला.

"डोळ्याची पापणी लवायच्या आत येते पाळी!"

आवाज चढले. आम्ही विसरूनच गेलो की जिच्यासाठी भांडतोय ती तिथेच खुर्चीत बसलीय. तिने मोरेश्वरकडे बघून काहीतरी म्हटलं. तेव्हा ती दोघं आपल्या घरच्या बोलीतच बोलायची. तिला तेच सोपं जात असावं. आम्हाला अर्धंच कळायचं.

मोरेश्वरने तिची खुर्ची आमच्याकडे वळवली. मग आम्हाला म्हणाला, "ती म्हणते, माझ्याच्याने आता हाक मारवत नाही. तुम्हीच विचारत जा. मी हजर म्हणेन."

हजेरीवर शिक्कामोर्तब झालं. शिंत्रे उठून वाडीत गेला आणि चहा होईस्तोवर आत आलाच नाही.

*

बोर्डाला नंबर द्यायचा असतो. त्याच्यावर तीन बारीक खटके असतात, ते वर-खाली करून नंबर ठरतो. म्हात्रेने तिन्ही वर केले. खटक्यांची किंमत एक, दोन, चार, म्हणून तिन्ही वर म्हणजे सात.

"चार का नाही? ओळीने चार येतो," मी म्हटलं.

"तिनी वर असले म्हंजे कोनी चुकून हलवला तर दिसंल. वयनीच्या नंबरात चूक नको."

नंबर झाला, पण बटण? दारावरच्या बेलचं बटण तिला दाबवेना. लिफ्टचं आणलं, तेही जड. म्हात्रे एकेक बटण आणायचा, तिच्या बोटाखाली ठेवायचा, आणि ती हसून मान हलवायची. शेवटी शिंत्रेने आपल्या कॉम्प्युटरचा माऊस उघडला आणि त्याच्या पोटातलं टिकलीएवढं बटण काढलं. वायरलेस माऊस होता, बरं का! म्हात्रेने त्याला वायर जोडली.

कुंदाताईचं बोट त्यावर ठेवलं. टिक. लांब विहिरीवर भोंगा वाजला. केळीतून मोरेश्वरचा आवाज आला, "आलोऽऽ!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. म्हात्रे शिंत्रेच्या पाठीत धपाटा घालून म्हणाला, "वायरलेसचा शेवटी उपयोग झाला!"

*

पुढचे काही महिने त्या भोंग्याने मोरेश्वरचा जीव मेटाकुटीला आणला.

भोंगा वाजला की हा हातातलं टाकून धावायचा. चिखलाने भरलेले पाय घेऊन खोलीत शिरायचा. "काय झालं?" कुंदाताई डोळ्यांनी खिडकीकडे खुणावायची. खिडकीत मुनिया आलेली असायची. पक्षी! एवढंच!

एकदा तो नारळाच्या झाडावर अर्ध्यात होता. भोंगा वाजला. उतरला, धावला. बाईंना टीव्हीवरचा माणूस आवडत नव्हता, चॅनेल बदलायचं होतं.

शेवटी त्याने नियम केला. एकदा टिक म्हणजे ये, दोनदा टिक म्हणजे येऊ नकोस, काही नाही. झालं भलतंच! ती दिवसभर दोनदा टिक करायला लागली. काही नाही. काही नाही. काही नाही. मोरेश्वर विहिरीवर उभा राहून वैतागायचा, "अगं, काही नाही तर वाजवतेस कशाला?"

बाजूच्या टॉवरमधल्या एक बाई कुंपणापर्यंत आल्या. म्हणाल्या, "अहो काका, ते सारखं काय वाजतं? आमचं बाळ उठतं."

मोरेश्वर म्हणाला, "मिसेस आहेत. मी पळून गेलो नाही ना, ते बघतायत."

तो हे आम्हाला हसत सांगायचा. आम्हीही हसायचो. बाईंनी नंतर बाळाला कडेवर घेऊन कुंदाताईला भेटायला आणलं. बाळाने ते बटण दाबलं आणि मोरेश्वर पुन्हा धावत आला.

*

हा किस्सा नाही. पण तो गाळून पुढचं सांगता येत नाही.

पावसाळा संपता संपता कुंदाताई गेली. सकाळची वेळ. मोरेश्वर केळीला टेकू देत होता. भोंगा वाजला नाही. त्याने दोन-तीनदा विहिरीवरच्या डब्याकडे बघितलं. तिथे सात नंबरचा हिरवा दिवा असतो. दिवा लागलेला होता. म्हणजे हजर. म्हणून तो निश्चिंत राहिला आणि जेवायला घरी गेला.

बोर्ड हजर होता. बोर्ड काय, वीज आहे तोवर हजर म्हणणारच. विचारणारा माणसाला विचारत नव्हता, बोर्डाला विचारत होता. एवढा वाद घालताना आमच्या चौघांच्या डोक्यात हे आलंच नव्हतं! मला याचं दुःख अजून होतं. डॉक्टर म्हणाले की ती झोपेतच गेली, कळलं असतं तरी काही करता आलं नसतं. मोरेश्वरने ते ऐकून घेतलं आणि मान डोलावली. आम्हाला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

*

त्यानंतर म्हात्रेची भाषा बिघडली.

गाळ्यात एक सेन्सर बंद पडला. म्हात्रेने तो हातात घेतला, मीटर लावला आणि म्हणाला, "ताई, हा मे..." तिथेच थांबला. पुन्हा म्हणाला, "हा... हा नाय बोलत."

मालक बाजूलाच उभे. "बोलत नाही म्हणजे काय? मेला का?"

"गैरहजर आहे, शेट!"

मालकांना वाटलं, कुणी कामगार आला नाही. ते रजिस्टर बघायला गेले. आम्ही हसायला लागलो, आणि हसता हसता म्हात्रे उठून बाहेर नळावर तोंड धुवायला गेला.

आता सगळा गाळा गैरहजर म्हणतो. नव्या लोकांना वाटतं, ही काहीतरी टेक्निकल टर्म आहे.

*

मोरेश्वरची मुलगी मधुरा पुण्याला असते. दिवसकार्यांनंतर ती आणि आत्या खोली आवरायला बसल्या. भाड्याने आणलेली कॉट परत गेली. आत्याने ते बटण बोर्डासकट काढलं, पुसलं आणि कुंदाताईच्या साड्यांच्या कपाटात ठेवलं.

दोन दिवसांनी मधुराचा मला फोन. "काकू, घर अडखळतंय."

"म्हणजे?"

"ओट्याचं बटण दाबलं की दिवा लगेच लागत नाही. दाबते, थांबते, मग लागतो. टाकीही एकदा भरून वाहिली. बाबा म्हणतात, असू दे."

मी समजले. सात नंबर लाइनवरून निघाला होता, पण हजेरीतून निघाला नव्हता. मुख्य डबा दर फेरीला सातला विचारत होता, उत्तराची वाट बघत होता, पुन्हा विचारत होता, आणि मग पुढे जात होता. तेवढा वेळ विहीर, टाकी, दिवा, सगळे ताटकळत होते. विहिरीवरचा भोंगा मोरेश्वरने स्वतःच काढून ठेवला होता, नाहीतर तो दर फेरीला वाजला असता.

मी उमेळ्याला गेले. मोरेश्वर ओट्यावर बसला होता. म्हटलं, "मोरेश्वर, एक ओळ काढायचीय. सात नंबर. मिनिटाचं काम आहे."

तो म्हणाला, "राहू दे."

"अरे, टाकी वाहतेय."

"मी बघीन टाकीकडे." मग म्हणाला, "सुमेधा, आपण तिला सांगितलं होतं ना, विचारत जाऊ म्हणून. विचारतंय ते. विचारू दे."

मी लॅपटॉप परत पिशवीत ठेवला. संध्याकाळ झाली, त्याने दिव्याचं बटण दाबलं. दिवा लागला नाही. तो शांत उभा राहिला. मग लागला. तो आत गेला.

*

रविवारी गाळ्यात मी हे सगळं सांगितलं. शिंत्रे म्हणाला, राहू दे की, कुणाचं काय जातंय. म्हात्रे उसळला.

"काय जातंय? रोज बघतोय तो, दिवा थांबतो ते! रोज! आनि टाकीवर चढतोय रात्रीअपरात्री, शेवाळावरनं पाय घसरला म्हंजे? आपला नियम काय? जो बोलत नाय त्याला यादीतनं काढायचं. तुमच्यानं होत नसंल तर मी जातो!"

खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. हे कुणीतरी करायलाच हवं होतं, आणि म्हात्रेशिवाय ते कुणाला जमलं नसतं. त्याने माझा लॅपटॉप पिशवीत घातला. मग आत जाऊन वायरीचं अख्खं भेंडोळं खांद्यावर टाकून आला.

"एक ओळ काढायला वायर कशाला?" शिंत्रेने विचारलं.

"असू दे," म्हणाला, आणि स्कूटरला किक मारून गेला.

दुपार गेली. आम्ही दोघं गाळ्यात बसूनच राहिलो. कुणाला पाव खावासा वाटला नाही. ऊन कलल्यावर स्कूटर आली. म्हात्रेच्या कपड्यांना केळीचे डाग, हाताला चिखल. भेंडोळं संपलेलं.

"काढला?" मी विचारलं.

त्याने लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि नळाखाली हात धरले.

"विहीर आनि टाकी वेगळ्या लायनीवर घेतली. पिळासकट ओढली, बघून या पायजे तर. पानी आता नाय वाहायचं."

"आणि सात नंबर?"

हात धुऊन झाले होते, तरी तो ते चोळतच राहिला.

"डबा फार लवकर पुढं जात होता, ताई. जरा जास्त थांबायला सांगून आलो."